परतीच्या बरण्या

हैदराबाद
१८ जून १९९५

प्रिय रेणुका वहिनी,

जयभीम. अक्षर बघूनच तू म्हणशील, नणंदबाईंना काहीतरी हवं असणार. हवं आहे, आणि या खेपेस तुझ्या माहेरची, निर्मलची खेळणी किंवा ज्वारीचं पीठ नको आहे.

मी इथे नेमकं काय करते हे तू दर वेळी विचारतेस आणि मी 'रक्त तपासते' म्हणून निसटते. आज नीट सांगते. आपल्या अंगात राखणीला काही पेशी असतात. बाहेरचं काही आत शिरलं की त्या तुटून पडतात. पोटातलं बाळ म्हणजे अर्धं बाहेरचंच, कारण अर्धं ते बापाचं असतं. तरी या पेशी त्याला हात लावत नाहीत. उलट वारेत बसून त्याची राखण करतात. त्या हा समझोता कशा करतात, आणि आईला हिवताप आला की तो का मोडतो, हा माझा विषय आहे.

अडचण अशी की इथल्या दवाखान्यात हिवतापाच्या बाळंतिणी फारशा येत नाहीत. सर म्हणतात, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तुमच्या भागातले नमुने आले नाहीत तर विषय बदला. मी बदलणार नाही. आपल्या गावात न जगलेलं लेकरू नाही असं घर दाखव मला. तुझी दोन गेली तेव्हा मी तिथेच होते, आणि एकाही डॉक्टरला कारण सांगता आलं नव्हतं.

तेव्हा एवढं कर. हेल्थ सेंटरात बाळंत होणाऱ्या बायांना समजावून सांग. वच्छलाबाई नर्स तुझ्या ओळखीच्या आहेत. अंगठ्याएवढा वारेचा तुकडा कापून मी पाठवते त्या औषधाच्या बरणीत टाकायचा, की झालं. कोणाचं काही जात नाही. नाहीतरी वार टाकूनच देतात.

दादाला आणि आईला सांग, मी जेवते वेळेवर.

तुझी,
विशाखा


तलमडुगु
९ जुलै १९९५

प्रिय विशू,

जयभीम. बरण्या पोचल्या. इचोड्याला कंडक्टरने त्या लोणच्याच्या समजून चहाच्या टपरीवर उतरवल्या होत्या. तुझे दादा ऑफिस सोडून जाऊन घेऊन आले आणि वाटेत प्रत्येकाला 'लोणचं नाही, औषध आहे' म्हणून दाखवत आले.

आता खरी बातमी. रविवारी विहारात बायांना बोलावलं. आपल्या मोहल्ल्यातल्या आल्याच, पण कापूसवाल्या सखूबाईही आपल्या दोन्ही सुनांना घेऊन आल्या. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. पेशींचं सगळ्यांनी छान ऐकलं. बाळ अर्धं सासरचं असतं, यावर तर हशा पिकला. मग मी बरण्यांबद्दलचं तुझं शेवटचं वाक्य वाचलं, 'नाहीतरी वार टाकूनच देतात'.

सखूबाई उठल्या. "कोन टाकते वं? कुत्र्याच्या तोंडी देतो का आमी?" म्हणाल्या आणि सुनांना घेऊन निघाल्या. पाठोपाठ सगळ्याच निघाल्या. सखूबाईंच्या मागून पहिलं कोण गेलं असेल? आपल्या आई.

घरी आल्यावर त्यांनी मला न्हाणीमागे नेलं आणि बोट दाखवलं. "हे पाय. माह्या लेकाची, मारोतीची इथं हाय, विशीची तिथं. हळद लावून गाडग्यात घालून म्या सवतः पुरली. म्हनून तर ती हैद्राबादले जाऊन बी घरी येते. अन् ती लिवते, टाकून देतात?" मी म्हटलं, आई, आपण छप्पन साली हे सगळं सोडलं ना? त्यावर त्या म्हणाल्या, "देव सोडले. वार देवाची नसते, घराची असते."

तू गाव विसरलीस असं मी म्हणत नाही. पण वार परक्या हाती गेली की लेकरू धरत नाही, ही इथल्या प्रत्येकीच्या मनातली धास्ती आहे. ती एका सभेने जाणार नाही.

बाकी ठीक. सायकल सध्या ठेवून दिली आहे, चेन सारखी पडते. शाळेत पायीच जाते.

तुझी,
रेणुका


हैदराबाद
२७ जुलै १९९५

प्रिय वहिनी,

पत्र वाचून राग आला, आणि तो तुझ्यावरच आला. तू सातवीला विज्ञान शिकवतेस. फळ्यावर पेशीचं चित्र काढतेस. आणि चार बायांपुढे तुला ठामपणे सांगता येत नाही की जमिनीत पुरलेल्या मांसाचा आणि जगणाऱ्या लेकराचा काही संबंध नसतो? आईचं मी समजू शकते. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.

पावसाळा सुरू झाला आहे. आता दोन-तीन महिने घरोघर थंडी वाजून ताप येणार आणि माझ्या बरण्या तुझ्या फडताळात रिकाम्या बसणार. आणखी एकदा सभा घे. एकीने जरी हो म्हटलं तरी बाकीच्या मागे येतील. एक तरी धीट बाई असेलच ना गावात?

विशाखा


तलमडुगु
२० सप्टेंबर १९९५

विशू,

उत्तराला उशीर केला, मुद्दाम केला. तुझं पत्र वाचून मला रडू आलं आणि मग तुझा इतका राग आला की पत्र फडताळात कोंबून ठेवलं. आता लिहिते.

मी सभा परत घेतली होती. सखूबाईंनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "मास्तरीनबाई, तुमी द्याल का तुमची?" आणि मी सभा तिथेच आटोपली. कारण त्या वेळी माझ्या पोटात तिसरा महिना संपत होता आणि ते घरातल्या दोघांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. सायकलची चेन चांगली आहे. आता पाचवा सरत आला आहे, म्हणून तुला कळवते.

तू धीट बाई शोधतेस. दोन गमावलेल्या बाईला तिसऱ्या वेळी धीट हो म्हणून सांगणं हैदराबादहून सोपं आहे. मला विज्ञान कळतं गं. पण रात्री कूस बदलताना मला विज्ञान आठवत नाही, फक्त पोटावर हात जातो.

आई बोलतात ते तुला सांगणार नव्हते, आता सांगते. "आमच्या गावच्या बाया तापात बी बाळंत होतात, लेकरं जगतात. हिचीच काऊन नाई जगत?" हे त्या मला नाही म्हणत, शेजारणीला म्हणतात, पण मी चुलीपाशी असते तेव्हाच म्हणतात. मलाही तेच वाटायला लागलं आहे, की माझ्याच अंगात काहीतरी खोट आहे.

मागच्या आठवड्यात मलाही थंडी वाजून आली. बाया म्हणाल्या चलीजरम आहे, हिवतापच. हेल्थ सेंटरात दोनदा रक्त तपासलं, दोन्ही वेळा साफ निघालं. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा आहे, ताकदीच्या गोळ्या घ्या. मागच्या दोन्ही वेळी असंच झालं होतं. ताप, साफ रक्त, ताकदीच्या गोळ्या. आणि मग एक दिवस पोटात हालचाल थांबली.

या खेपेस मला हे लेकरू हवं आहे, विशू. तुझ्या बरण्यांचं नंतर बघू.

रेणुका


हैदराबाद
२५ सप्टेंबर १९९५

वहिनी,

माफी नंतर मागेन, आधी हे वाच. उभ्यानेच वाच आणि मग दादाला घेऊन हेल्थ सेंटरात जा.

तुझं रक्त साफ आहे म्हणजे तू साफ आहेस असं नाही. हेच तर मी इथे शिकते! हिवतापाचे जंतू दिवस गेलेल्या बाईच्या वारेत दडून बसतात. बोटाला सुई टोचून काढलेल्या थेंबात ते सापडतीलच असं नसतं. तिकडे वारेत मात्र राखणीच्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. त्या हाणामारीत बाळाची खाण्याची वाट अडते. तुझ्या बाबतीत तेच होतंय असं मी इथे बसून छातीठोक सांगू शकत नाही, पण तेच गृहीत धरून औषध घ्यायला हवं. थांबून बघायला आपल्याकडे सवड नाही.

आणि आईला हे सांग. गावातल्या बाया लहानपणापासून हा ताप अंगावर काढत मोठ्या झाल्या आहेत. त्यांच्या अंगाला तो थोडाफार ओळखीचा असतो. तू निर्मलच्या भर बाजारात वाढलीस. लग्न होऊन आमच्या ओढ्याकाठी येईपर्यंत तुझ्या अंगाने हा ताप पाहिलाच नव्हता. खोट तुझ्यात नाही, वहिनी. तू पाहुणी होतीस आणि कोणी तुला सावध केलं नाही. मीही नाही.

सोबत डॉक्टरांसाठी इंग्रजी पत्र जोडलं आहे. खाली आमच्या सरांची सही आहे. ती घेण्यासाठी मी त्यांच्या दारात उभी राहिले आणि ते जेवायला निघाले होते तरी हलले नाही. हिवतापाच्या गोळ्या, दिवस गेलेल्या बाईला चालतात त्याच, आधी ताप मोडण्यापुरत्या आणि मग बाळंतपणापर्यंत दर आठवड्याला. डॉक्टर देतील तशाच घे, एकही चुकवू नकोस. मच्छरदाणी नसेल तर दादाला आजच आदिलाबादला पाठव.

वारेचं एक अक्षर मी आता बोलणार नाही. मला तू हवी आहेस आणि ते लेकरू हवं आहे.

विशू


तलमडुगु
३० ऑक्टोबर १९९५

प्रिय विशू,

तू सरांच्या दारात अडून उभी राहिलीस ते वाचून हसू आलं. पण आता माझं ऐक.

डॉक्टरांनी पत्र वाचलं आणि बाजूला ठेवलं. भले आहेत, पण नवीन आहेत आणि चिठ्ठीवर 'साफ' लिहिलेलं असताना औषध द्यायला घाबरतात. "रक्तात काही नाही, टीचरम्मा, उगाच गोळ्या कशाला?" म्हणाले. मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. दुपार झाली तरी बसले. तुझे दादा म्हणाले रीतसर दरखास्त देऊ. मी म्हटलं, तुमच्या दरखास्तीला मंजुरी येईस्तोवर मी बाळंत होईन. शेवटी वच्छलाबाई आत गेल्या आणि काय बोलल्या कोण जाणे, डॉक्टरांनी मला बोलावून तुझं पत्र पुन्हा वाचलं, या वेळी बोट ठेवून ठेवून. मग गोळ्या दिल्या. म्हणाले, दर सोमवारी इथे येऊन माझ्यासमोर घ्यायच्या.

घेते आहे. उलटीसारखं होतं, तरी घेते. ताप परत आला नाही. बाळ रात्रभर लाथा मारतं आणि मला झोप नको आहे.

पाहुणी होतीस हे मी आईंना वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मच्छरदाणीचे चारही कोपरे त्यांनी स्वतः गादीखाली खोचले.

आता बरण्यांचं. मीच काढते विषय. मी विहारात गेले आणि सांगितलं, माझी मी देईन. सखूबाई माझ्या पोटाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "द्याल. पन तिथं पाहून झालं का मंग तिचं काय करतात?" मी म्हटलं, बहुतेक जाळतात. एकदम गलका झाला. तो सरल्यावर त्या म्हणाल्या, "मंग काम झालं का परत आनून द्या म्हना. आमच्या हातानं पुरू. परत येत असन तर माही सून बी देते."

विशू, हे जमेल का? नीट विचार करून सांग आणि खोटा शब्द देऊ नकोस. तू तिकडे असतेस. या बायांना तोंड मला दाखवायचं आहे.

तुझी,
रेणुका


हैदराबाद
२१ नोव्हेंबर १९९५

प्रिय वहिनी,

जमेल. मला वेळ लागला कारण आधी 'जमणार नाही' हे उत्तर तीन जणांकडून ऐकावं लागलं.

नियम असा की तपासणीतून उरलेलं सगळं भट्टीत जातं. स्टोअरवाले हसून म्हणाले, "मॅडम, कचरा वापस माँगने वाले पहली बार देखे." मी म्हटलं, "कचरा नहीं है, भाईसाब. किसी के घर का है." बोलून झाल्यावर माझ्याच लक्षात आलं की हे आईचं वाक्य आहे.

सर आधी चिडले, मग विचारात पडले. शेवटी म्हणाले, बाया विश्वासाने देत असतील तर विश्वासाने परत करायला काय हरकत आहे? औषध धुऊन, बरणी बंद करून, मी स्वतः नेऊन द्यायची, पोस्टाने नाही. मी लिहून दिलं. काचेच्या पट्ट्यांवर चिकटवलेला पापुद्रा तेवढा इथे राहील, तो कागदाहून पातळ असतो. बाकी सगळं परत येईल. पापुद्र्याचंही आधीच सांगून ठेव, नंतर कोणी फसवलं म्हणायला नको. प्रत्येक बरणीवर त्या त्या बाळंतिणीचं नाव राहील, नंबर नाही. मीच बसने घेऊन येईन.

जूनमध्ये मी लिहिलेलं ते वाक्य पत्रातून खोडून टाक. माझी वार आपल्या न्हाणीमागे आहे हे मी विसरले होते, असं आईला सांग. ती रागावेल, रागावू दे.

गोळ्या चालू ठेव.

विशू


तलमडुगु
१४ जानेवारी १९९६

प्रिय विशू,

मुलगी झाली. जरा आधीच आली. चिमणी आहे, दोन किलोच्याही आत. पण रडली. आधी रडलीच नाही आणि वच्छलाबाईंनी तिला पालथी धरून पाठ चोळली. मग असं भोकाड पसरलं की बाहेर तुझे दादा बाकावरून उठले आणि तिथेच पुन्हा बसले.

त्यानंतर वार पडली. आई घरून गाडगं आणि हळद घेऊनच आल्या होत्या. वच्छलाबाई बरणी उघडून उभ्या, आणि आईंनी गाडगं पोटाशी धरलेलं. मी पडल्यापडल्या म्हटलं, आई, मी शब्द दिला आहे. त्यांनी गाडगं खाली ठेवलं. मग वच्छलाबाईंना म्हणाल्या, "केवढा?" त्यांनी अंगठा दाखवला. "नाळेजवळून नोको. बाजूनं घे." तुकडा कापून होईपर्यंत बरणी आईंनीच धरली होती. झाकण घट्ट लावलं, पदराने पुसलं, आणि म्हणाल्या, "विशीले सांग, सांभाळून आन म्हना."

उरलेली त्यांनी न्हाणीमागे पुरली, पण खड्डा पुरता बुजवला नाही. वर फरशी ठेवली आहे. तुकडा परत आला की त्यातच घालायचा म्हणतात.

सखूबाईंच्या सुनेचीही बरणी सोबत येते आहे, आणि आणखी काही. कंडक्टरला या वेळी सांगितलं आहे की लोणचं नाही.

पोरगी नीट दूध ओढत नाही. आई तिला छातीशी कपड्यात बांधून बसतात, मी दमले की त्या, त्या दमल्या की मी. नाव अजून ठेवलं नाही. धीर होत नाही.

रेणुका


हैदराबाद
२ मार्च १९९६

प्रिय वहिनी आणि आई,

हे पत्र दोघींना आहे, सोबतच वाचा.

काल तुझा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्याआधी सखूबाईंच्या सुनेचा पाहिला, तो स्वच्छ होता. मग तुझा. वहिनी, हिवताप होता. जिवंत जंतू एकही दिसला नाही, गोळ्यांनी त्यांचं काम केलं होतं. पण राखणीच्या पेशींच्या पोटात काळे-तपकिरी कण भरलेले आहेत. जंतू मेल्यावर मागे राहतात ते हे कण, चूल विझल्यावर राख राहते तशी. ज्या सप्टेंबरात तुझं रक्त दोनदा साफ निघालं, बहुधा त्याच तापाची ही राख असावी. सरांना बोलावलं. ते बराच वेळ डोळा लावून बसले आणि म्हणाले, विषय बदलायचा नाही.

मागच्या दोन वेळची वार कोणी पाहिली नाही, त्यामुळे त्या दोघांचं मी पुराव्याने सांगू शकत नाही. पण तोच ताप होता, तेच साफ रक्त होतं, त्याच ताकदीच्या गोळ्या होत्या. मला विचाराल तर उत्तर हेच आहे. वहिनीच्या अंगात खोट नव्हती. तिचं अंग दोन्ही वेळा एकटं लढलं आणि औषध मिळालं नाही. या वेळी मिळालं.

मी एप्रिलमध्ये बरण्या घेऊन येते. पोरगी कशी आहे ते ताबडतोब कळवा. नावाचं काय झालं?

विशाखा


तलमडुगु
१७ मार्च १९९६

विशे,

मी सांगते अन् रेणुका लिवते. तिनं मधात आपलं काही घुसवलं तर मले समजत नाई, पन ती घुसवनार नाई.

तुहं पत्र ऐकलं. एकडाव ऐकलं, मंग अजून एकडाव वाचाले लावलं. दुसऱ्या दिवशी ते घेऊन म्या विहारात गेली. रेणुकेले म्हटलं, तू घरी राय. वच्छलाबाईकून वाचून घेतलं सगळ्याइसमोर. शेजारची म्हने, ऐकलं आमी, आता बस. म्या म्हटलं, नाई, ज्या ज्या बाईसंग म्या चुलीपाशी बोलली त्या सगळ्या येऊ द्या, मंग वाचू. आल्या. वाचलं. 'वहिनीच्या अंगात खोट नव्हती' हे तीनदा वाचाले लावलं. सखूबाईच्या डोळ्यात पानी आलं.

आता दवाखान्यात पोटुशा बायाइची सोमवारी रांग लागते. डाक्टर काई म्हनत नाई, गोळ्या देते.

पोट्टी बरी हाय. गालाले मांस आलं. नाव ठेवलं, करुणा. रेणुका म्हने तुले विचारून ठेवू, म्या म्हटलं थांबाची सवड नाई.

तू येशील तवा बाकीच्याइच्या बरण्या आन. त्याइले आपन शब्द देला हाय, एक बी कमी नोको. आमची आनू नोको. तिथंच राहू दे तुह्या कपाटात. नव्या पोरी शिकाले येतीन, डाक्टर येतीन, त्याइले दाखव. साफ रक्त पाहून कोन्या बाईले माघारी धाडू नका, हे त्याइले ते पाहून समजन. माह्या दोन नातवंडाइचं कोनी पाह्यलं नाई. हिचं पाह्यलं. बरनीवर नाव मोठ्या अक्षरात लिव, रेणुका मारोती दुर्गे, गाव तलमडुगु.

न्हानीमागचा खड्डा त्या तुकड्यासाठी अर्धा ठेवला होता. काल म्याच बुजवला अन् पायानं दाबला. करुणेच्या आंघोळीचं पानी आता त्यावरूनच जाते.

तुही आई,
द्वारकाबाई